आजी-आजोबांचा केअर प्लॅन असा लिहा की रात्रपाळीच्या मावशीलाही वापरता येईल

"बेड ४. पुरुष, ७९. डीएम, एचटीएन, डिमेन्शिया. सॉफ्ट डाएट. डायपर. संध्याकाळी अ‍ॅग्रेसिव्ह. लक्ष ठेवणे."

मी पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात केअर कोऑर्डिनेटर म्हणून लागले तेव्हा केअर प्लॅन म्हणून फाइलीत एवढंच असायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. सगळं आहे की, आजार आहे (डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे हाय बीपी, डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार), जेवण आहे, लक्ष ठेवा आहे. पण हे बेड ४ चे काका रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास गेटपाशी जायचे, वॉचमनवर ओरडायचे, कपाट उपसायचे, एकदा मावशींच्या हाताला चावले पण. शांत करायची गोळी सुरू झाली, मग ती वाढली, मग काका पहाटे बाथरूमला जाताना पडले, कारण अशा गोळ्यांनी तोल जातो हे काय नवीन नाहीये.

मग कधीतरी साताऱ्याहून त्यांचे धाकटे भाऊ भेटायला आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, दादा एसटीत कंडक्टर होता, ड्युटी संपली की डेपोत कॅश भरल्याशिवाय घरी पाऊल टाकायचा नाही. झालं. काका रोज सहाला कॅश भरायला निघत होते आणि आम्ही त्यांना अडवत होतो! आम्ही एक जुनी कातडी बॅग आणली, मूठभर चिल्लर आणि एक रेघांची वही ठेवली, आणि पावणेसहाला कुणीतरी समोर बसून म्हणायचं, "काका, वे-बिल झालं का, कॅश जमा करून घेते." (वे-बिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद.) ते मोजायचे, लिहायचे, समोरच्याची सही घ्यायचे. दहा मिनिटांचं काम. रोज जमलं असं अजिबात नाही, पण गेटवरचा तमाशा बराच कमी झाला आणि पुढे डॉक्टरांनी गोळी पण खाली आणली.

ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला टॉम किटवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८०-९० च्या दशकात हेच मांडलं होतं, की डिमेन्शियात जे दिसतं ते सगळं मेंदूच्या आजाराचं नसतं, आजूबाजूचे लोक त्या माणसाशी कसं वागतात त्याचाही त्यात मोठा वाटा असतो. डिमेन्शियाच्या बाबतीत व्यक्तिकेंद्री केअर हा शब्द तिकडून आला. आपल्याकडे तो ब्रोशरमध्ये छापतात आणि फाइलीत पुन्हा "बेड ४" लिहितात. असो. आता आम्ही प्लॅन कसा करतो ते सांगते, वृद्धाश्रमात असा किंवा घरी ब्युरोची बाई ठेवलेली असो, दोन्हीकडे चालेल.

पहिल्या दिवशी फक्त जीवाचं, बाकी पंधरा दिवसांत

माणूस आपलं घर सोडून आलेला असतो, डोळ्यात पाणी असतं, मुलगा पार्किंगमध्ये घाईत असतो, आणि आपण बारा पानी फॉर्म काढून बसतो. नका करू. पहिल्या दिवशी एवढंच घ्या: कोणती औषधं आणि शेवटचा डोस किती वाजता झाला, कशाची अ‍ॅलर्जी, गिळताना ठसका लागतो का, चालायला काय लागतं, रात्री किती वेळा उठतात आणि अडचण आली तर फोन कुणाला. आणि हो, अंगावरची कातडी त्याच दिवशी बघा, माकडहाड, टाचा, कुल्ल्यांची हाडं, परवानगी घेऊन फोटो काढा, तारीख टाका. जखम आधीची का इथली, यावरून नंतर जी भांडणं होतात ती मी पाहिलीयत.

औषधांच्या वेळा नुसत्या सकाळ-दुपार-रात्र अशा लिहू नका. पार्किन्सनवाल्यांची, म्हणजे कंपवात असलेल्यांची, लेव्होडोपाची गोळी संस्थेच्या राउंडप्रमाणे तासभर उशिरा दिली तर माणूस लाकडासारखा ताठ होतो, आणि मग आपणच म्हणतो आज सहकार्य करत नाहीयेत. त्यांची जी वेळ असेल तीच घड्याळ बघून.

माणूस विचारा, फॉर्म नका भरू

पुढच्या पंधरा दिवसांत गप्पा. समोरासमोर खुर्ची मांडून पेन काढलं की ही पिढी "आमचं काय, सगळं बरं आहे" म्हणून गप्प बसते. त्यापेक्षा मटार सोलायला घ्या सोबत, मेथी निवडायला घ्या, बरोबर बोलतात. आजोबा लोकांना पेपर वाचून दाखवायला सांगा. आणि आधी त्यांनाच विचारायचं, मग नातेवाइकांना, ही ऑर्डर चुकवायची नाही. डिमेन्शिया असला तरी. शब्द सापडले नाहीत तरी आवडनिवड चेहऱ्यावर दिसतेच.

"तुमच्या हॉबीज काय" हा प्रश्न तर फाडूनच टाका. ज्यांनी आयुष्यभर चूल आणि शेत केलं त्यांना कसली हॉबी. विचारा की रविवारी काय करायचात, दिवाळीचं कुठलं काम तुमच्याकडे असायचं, कशाचा राग येतो, कुणाची आठवण काढायची नाही, घाबरलात की काय केल्यावर बरं वाटतं. आणि सगळ्यात पहिला प्रश्न, तुम्हाला हाक काय मारू? आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे त्यांना "आजी, चला ना आजी" करायचे आणि त्या तोंड फिरवायच्या. आयुष्यभर त्यांना सगळं गाव "बाई" म्हणत होतं. "बाई, चला" म्हटल्यावर उठल्या. एवढंच होतं.

आणि म्हातारे म्हणजे भजन, हे डोक्यातून काढा. आमचे एक आजोबा कामगार युनियनमधले, कडक नास्तिक, त्यांना कितीतरी महिने रोज सकाळी स्पीकरसमोर बसवलेलं आम्ही. प्लॅनमध्ये लिहिलं होतं "भजनात रमतात". ते रमत नव्हते, त्यांना उठून जाता येत नव्हतं.

चोवीस तासांचं पान

माझ्या मते अख्ख्या फाइलीत हे एक पान नीट झालं तर निम्मं काम झालं. उठल्यापासून परत उठेपर्यंत, त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे, आपल्या ड्युटीच्या सोयीने नाही. चहाचंच घ्या. "सकाळी चहा" ही माहिती नाही. "साडेपाचला उठतात, चूळ भरून लगेच चहा, कपबशीतच, बशीत ओतून पितात, साखर नाही पण आलं हवं, पेपर कप दिला तर ठेवून देतात" ही माहिती आहे.

अंघोळीवर तर सगळ्यात जास्त लिहा कारण सगळ्यात जास्त मारामारी तिथेच होते. या लोकांनी जन्मभर बादली आणि तांब्याने अंघोळ केलेली, त्यांना शॉवरखाली बसवून डोक्यावरून एकदम पाणी सोडलं की डिमेन्शियावाला माणूस घाबरतो आणि हात उगारतो, आणि आपण चार्टवर लिहितो मारकुटे आहेत. आमच्या एका आजींच्या पानावर असं आहे: "बाथरूम आधी गरम करा, खिडकी बंद. स्टुलावर टॉवेल, गार लागतं. तांब्या त्यांच्या हातात द्या, पहिलं पाणी पायावर त्यांनाच घेऊ दे. अंगावर पंचा राहू दे, त्यावरूनच पाणी घाला, पूर्ण उघडं करू नका. डोकं रोज नाही, शुक्रवारी, शिकेकाईच." हे लिहिल्यापासून दोन बायकांऐवजी एका बाईत अंघोळ होते. स्टाफ कमी आहे म्हणून हे सगळं जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

कपडे पण. डायपर बदलायला सोपं म्हणून सगळ्यांना गाउन घालायची पद्धत आहे. जिने सत्तर वर्षं नऊवारी नेसली, डोक्यावरचा पदर सासऱ्यांसमोर ढळू दिला नाही, तिला मॅक्सी घालून पुरुष ब्रदरसमोर व्हीलचेअरवर बसवतो आपण. एक आजी दिवसभर मांडीवरची चादर डोक्यावर ओढायच्या, सगळे म्हणायचे थंडी वाजते. थंडी नव्हती, पदर शोधत होत्या. आता गाउन आहेच, पण वरून सुती लुगड्याचा तुकडा खांद्याला पिनेने लावलेला असतो. आणि अंग पुसायला बाईच, हे ठळक अक्षरात.

रात्रीचं विसरू नका. लाइट पूर्ण बंद की झिरोचा, कुठल्या कुशीवर, पाण्याचा तांब्या कुठे, रात्री दोनला उठून "माझी आई आली का" विचारतात तेव्हा काय उत्तर द्यायचं. "आई वारली तुमची" असं रोज नव्याने सांगायचं नाही, प्लीज. "आईची आठवण येतेय का, काय करायची आई जेवायला?" एवढं पुरतं बऱ्याचदा.

तपासण्या, पण कामाच्या

हा भाग नर्स आणि डॉक्टरचा, मी पटकन सांगते. रोजच्या कामांना किती मदत लागते यासाठी बार्थेल इंडेक्स सोपा आहे, १९६५ पासून वापरात आहे, दहा कामं, १०० पैकी मार्क. दर वेळी तोच वापरा म्हणजे तुलना होते. बीपी आडवं असताना घ्या आणि उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी परत घ्या, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर पडण्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल, डॉक्टरांना दाखवा. वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर, महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. कवळी बसते का, कानात मळ आहे का, चष्मा त्यांचाच आहे का. हसू नका, चष्मे आणि कवळ्या बदलतात, नाव घाला त्यांच्यावर.

आणि स्मरणशक्ती हळूहळू जाते, पण एक-दोन दिवसांत अचानक बडबड, गोंधळ किंवा गुंगी सुरू झाली तर तो डिमेन्शिया वाढलेला नाही, तो डेलिरियम असू शकतो. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, पाणी कमी, नवीन गोळी, काहीही असेल. त्याच दिवशी डॉक्टर. हे वाक्य प्लॅनच्या पहिल्या पानावर हवं.

"तुम्हाला काय हवंय?"

गोल, म्हणजे ध्येय, या रकान्यात लोक लिहितात "चांगली स्वच्छता राखणे". हा आपला गोल झाला. आजोबांचा गोल काय? आमच्याकडे लकवा झालेल्या एका आजोबांनी सांगितलं होतं, नातीच्या लग्नात मांडवात बसून अक्षता टाकायच्यात. घरच्यांनी आधीच ठरवलं होतं की व्हिडिओ कॉलवर दाखवू.

आम्ही ते जसंच्या तसं त्यांच्या शब्दात लिहिलं आणि लग्नाच्या दिवसापासून मागे येत त्याचे छोटे छोटे टप्पे केले. लग्नाला अडीच महिने. दोन तास खुर्चीत बसता आलं पाहिजे, तेव्हा ते वीस मिनिटांत घसरायचे. फिजिओने बसण्याची वेळ थोडी थोडी वाढवली, खुर्चीत चांगली उशी, मधूनमधून कुल्ले उचलायची सवय. डाव्या हातात जोर नाही, मग उजव्या हाताने तांदूळ उचलून टाकायची प्रॅक्टिस, रोज चहानंतर, ताटलीत. लघवीची गोळी त्या दिवशी किती वाजता द्यायची हे डॉक्टरांना विचारून लिहून घेतलं, कार्यालयात कमोडवालं टॉयलेट कुठे आहे ते नातवाने आधी जाऊन बघितलं. थकले तर कोण आणि कोणत्या गाडीने परत आणणार ते ठरलं. गेले, तासभर बसले, मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या, जेवायला थांबले नाहीत. फिजिओ एरवी "व्यायाम करा" म्हणून घसा कोरडा करत होता, पण तांदळाची ताटली आली की आजोबा स्वतः हात पुढे करायचे.

वाक्य असं लिहा की करता येईल

"मोबिलिटीसाठी मदत" हे नको. असं: "डावी बाजू कमजोर. खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला, ब्रेक लावून. चपला घालून, मोज्यांवर नाही. 'एक दोन तीन' ते स्वतः म्हणतात, म्हणून होऊ द्या, मग उठतात. डावा हात ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो." माझी टेस्ट सोपी आहे. ब्युरोने काल पाठवलेली, या माणसाला कधी न पाहिलेली मावशी, रात्री दोन वाजता, हे पान वाचून काम करू शकेल का? नसेल तर परत लिहा.

मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. काही मावशींना वाचायला त्रास होतो, त्या सांगत नाहीत, नुसती मान हलवतात. त्यांच्यासाठी व्हॉइस नोट करा किंवा चित्रं काढा. आणि लिहिताना त्यांनाच विचारा, कारण आजी पोळी दुधात कुस्करून दिली तरच खातात हे डॉक्टरांना माहीत नसतं, मावशींना असतं.

जे स्वतः करू शकतात ते पण लिहा. भरवलं की दहा मिनिटांत उरकतं, स्वतः खाल्लं की पस्तीस लागतात, मान्य, पण सहा महिने भरवलं की मग हात उचलायचाच विसरतात.

धोका पत्करायचा की नाही

यावर सगळ्यात जास्त वाद होतात. आजोबांना रोज संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीपर्यंत एकटं जायचंय, मुलगी म्हणते पडले तर? दोघांचंही बरोबर आहे. "सोडायचं नाही" हे सगळ्यात सोपं उत्तर आणि मला ते सहसा पटत नाही. आम्ही काय करतो, धोका काय, त्यांना तो समजलाय का, ते नाही करू दिलं तर काय गमावतात, आणि मधला रस्ता कुठला, हे चार मुद्दे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. काठी, नाव-फोनचं कार्ड खिशात, टपरीवाल्याशी ओळख, अंधार पडायच्या आत, पावसात नाही. जातात ते.

उपासाचं तसंच. आजी सोमवार सोडणार नाहीत आणि इन्सुलिन चालू आहे. उपास बंद करा म्हणून हुकूम सोडला तर लपून करतील, आणि जेवण नाही पण इन्सुलिन नेहमीएवढं, हे फार वाईट कॉम्बिनेशन, शुगर धाडकन खाली येते. त्यामुळे डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचा वेगळा डोस लिहून घ्या, काय काय खायचं ते ठरवा, आणि घाम, थरथर, गोंधळ दिसला तर शुगर तपासून लगेच साखरपाणी, अर्थात शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तरच.

घरचे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

बिल मुलगा भरतो म्हणून सगळे निर्णय मुलाचे, असं नसतं. आजींना समजतंय, सांगता येतंय, तर निर्णय आजींचा. एक संपर्क माणूस ठरवा, बाकीच्यांना तो सांगेल, नाहीतर अमेरिकेतला एक, ठाण्यातली एक आणि सुनेचा भाऊ असे तिघं तीन सूचना देतात आणि मावशी रडकुंडीला येते. खोलीत कॅमेरा लावायचा तर तेही त्यांना विचारून, कपडे बदलायची जागा सोडून. नातेवाइक त्रास देतायत, पैसे काढून घेतायत असं आजी-आजोबा सांगत असतील तर १४५६७ ही सरकारची एल्डरलाइन आहे, फोन फुकट लागतो, तो नंबर खोलीत त्यांना दिसेल असा चिकटवा.

शेवटचं बोलणं

टाळतात सगळे. "असं अभद्र काय बोलायचं" म्हणतात मुलं, आजी-आजोबा मात्र बऱ्याचदा मोकळेपणाने बोलतात, विचारणारं कुणी नसतं एवढंच. व्हेंटिलेटर नको, नळीने जेवण नको, हॉस्पिटलात नाही आपल्या खाटेवर जायचंय, तोंडात गंगाजल कुणी घालायचं, विद्युतदाहिनी की लाकडं, देहदान केलंय का, हे सगळं प्लॅनमध्ये येतं.

कायद्याचं थोडक्यात: लिव्हिंग विल म्हणजे आपण बोलू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, त्याला सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची. विल केलं म्हणजे लगेच उपचार थांबतात असं नाही, बरं होण्याची आशा नसेल आणि पेशंट स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हाच ते लागू होतं, तेही डॉक्टरांच्या दोन बोर्डांनी बघितल्यावर. कॉपी फाइलीत पुढेच ठेवा, अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर जाणाऱ्याच्या हातात द्यायची. कपाटात कुलपात ठेवलेल्या लिव्हिंग विलचा रात्री तीनला कुणालाही उपयोग होत नाही.

रिव्ह्यू

पहिला पंधरा दिवसांनी, मग दर तीन महिन्यांनी, आणि पडणं, हॉस्पिटल, नवीन औषध, जोडीदार किंवा रूममेट जाणं, यातलं काही झालं की तारखेची वाट न बघता. आजी-आजोबा त्या मीटिंगला हजर पाहिजेत, पंधरा मिनिटं का होईना, आणि त्यांच्या रोजच्या मावशी पण. जुन्या ओळी खोडा. "कोणताही बदल नाही" असं सलग तीनदा लिहिलेलं दिसलं की मी समजते, कुणी बघितलेलंच नाहीये.

कंडक्टर काकांची ती वही दीड-एक वर्ष चालली. मग एक दिवस त्यांनी चिल्लर मोजायला घेतली आणि नाण्यांकडे नुसते बघत राहिले, दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी नाणं तोंडात घालायला निघाले. नाणी त्याच दिवशी काढली, ती ओळ खोडली, तारीख टाकली. आता त्यांच्या पानावर आहे: "पावणेसहाला बॅग मांडीवर द्या, आत मऊ रुमाल. चेन उघडझाप करतात, करू द्या. जवळ बसा. 'गाडी लागली का?' विचारलं तर म्हणा, लागली काका, अजून वेळ आहे."